बगळ्यांचा पहिला हंगाम

सेम्बावांग,
१३ एप्रिल २००९

चि. निहारिका,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मी तुला पाहिलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, अंगठ्याच्या नखाएवढी, पण तूच होतीस. एक खेळाडू पाय धरून गवतावर पडली आणि कडेने कोणीतरी पिशवी घेऊन धावत आली. ते धावणं मी ओळखलं. मान जरा पुढे, जणू पाय पोचायच्या आत डोळ्यांना तिथे पोचायचं आहे. मी एकटाच खोलीत होतो तरी मोठ्याने म्हणालो, "आली!"

पाडव्याच्या कार्यक्रमात मीनल भेटली होती, इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. तिनेच सांगितलं, "काका, निहारिका अमेरिकेत बायकांच्या फुटबॉल क्लबची फिजिओ झालीय. नवीन लीग निघालीय, यंदा पहिलाच हंगाम." आम्ही दोघं जोडीने गेलो होतो, शेजारीच उर्मिला उभी होती. ती पानं मांडायला निघून गेली. मी मात्र क्लबचं नाव विचारून घेतलं. पोर्ट हॅरल हेरन्स. हेरन म्हणजे आपला बगळा. पांढरे शर्ट, त्यामुळे नाव शोभतं. तुमची शनिवार संध्याकाळ म्हणजे आमची रविवार सकाळ, तेव्हा चहाबरोबर मॅच. कम्युनिटी क्लबात ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग असतो, तिथे शिकलेलं अखेर कामी आलं.

दोन वर्षं तुझ्यामाझ्यात एक शब्द नाही. तुझा आणि यशोधनचा घटस्फोट झाला, तो तुम्हा दोघांचा. त्या कागदावर माझी सही नव्हती. काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. तुला पुढे शिकायला अमेरिकेला जायचं होतं, त्याला बँक सोडवत नव्हती, एवढंच मला ठाऊक आहे आणि एवढं मला पुरे.

पण आपण दोघं जालान बसारच्या स्टेडियमवर मॅच बघायला जायचो, ते मी का विसरावं? तू नवीन लग्न होऊन आली होतीस, यशोधन शनिवारीही ऑफिसात, आणि उर्मिलाला फुटबॉल म्हणजे उन्हात धावणारी माणसं. मग मी, तू आणि शिपयार्डमधला माझा जुना सहकारी हसन. आम्ही दोघं बॉलकडे बघायचो. तू म्हणायचीस, "बाबा, तो सहा नंबर डावा पाय राखून पळतोय." थोड्या वेळाने सहा नंबर लंगडत बाहेर. हसन मला म्हणाला होता, "युअर डॉटर-इन-लॉ ऑल्सो प्ले, आह?" मी म्हटलं, "नो लाह. शी सी ओन्ली." तेव्हा मला कळलं होतं की हे बघणं साधं नाही.

हॉस्पिटलात तू म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचीस, तेही चांगलंच काम होतं. पण काल तू त्या पोरीच्या घोट्याला हात लावलास, तिने तुझ्या खांद्याला धरलं आणि उठली. तेव्हा वाटलं, हे तुझं मैदान आहे.

पत्र लिहितोय असं उर्मिलाला सांगितलं. म्हणाली, "लिहा. माझ्याबद्दल काही लिहू नका." म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही. ती बरी आहे.

यशोधनही बरा आहे.

उत्तर नाही आलं तरी चालेल. मॅच बघायला परवानगी लागत नाही.

कमलाकर

*

११ मे २००९

चि. निहारिका,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या संघाचा फोटो, आणि कडेला तू, कोणीतरी ओढून आत घेतल्यासारखी. मागे तीनच ओळी, पण पहिलाच शब्द "बाबा". सही करताना मी उगाच संकोचलो होतो.

हसनला फोटो दाखवायला खालच्या हॉकर सेंटरला, आपल्या नेहमीच्या चहा-कोपीच्या गाळ्यावर घेऊन गेलो. कोपी पिता पिता त्याने चष्मा लावून एकेकीला न्याहाळलं. म्हणाला, "ऑल सो स्ट्राँग. बट लूझिंग, हॅ?" काय सांगणार! महिना झाला, तुमचा एकही विजय नाही. तरी मला हे बगळे आवडायला लागलेत. हरत असले तरी शेवटच्या मिनिटापर्यंत बॉल मागतात. आणि तुमची ती कॅप्टन, टेस ब्रॅनिगन! मधल्या फळीत उभी राहते आणि सगळं मैदान तिच्याकडे कललेलं वाटतं. तू नंतर ईमेलमध्ये लिहिलंस की ती सकाळी शाळेतल्या मुलांना शिकवते, दुपारी सराव करते, आणि तिची छोटी मुलगी बाकाखाली खेळत बसते. एवढा पैसेवाला देश आणि कॅप्टनला दोन नोकऱ्या! तूही पाण्याचे क्रेट स्वतः उचलतेस, बर्फाचे टब स्वतः घासतेस म्हणे. पाठ सांभाळ. हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच.

एक कबूल करतो. कॅमेरा बॉलमागे जातो, बाकावर बसलेल्यांकडे कोण बघतंय? तू दिसतेस ती फक्त कोणी पडलं तर. त्यामुळे माझं असं झालंय की बगळ्यांपैकी कोणी धडपडलं की आधी आनंद होतो आणि मग लाज वाटते. ती उठून चालायला लागली की दोन्ही जातं.

यशोधन बरा आहे. तांजोंग पगारला सगळ्याच बँकांत माणसं कमी करतायत, पण तो टिकून आहे. बाकी इकडे विशेष काही नाही.

बाबा

*

२२ जून २००९

चि. निहारिका,

जिंकलात! सलग तिसरा! काल टेसने अर्ध्या मैदानातून तो पास दिला तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि चहा सांडला. शेजारचे मिस्टर तान भिंतीवर ठोकून विचारतायत, "अंकल, ओके ऑर नॉट?"

तू ईमेलमध्ये लिहिलंस की प्रेक्षक आता दुप्पट झालेत, लहान मुली कुंपणाशी वह्या घेऊन उभ्या राहतात, आणि एकीने तुझीही सही मागितली. तू तिला म्हणालीस, मी खेळाडू नाही. ती म्हणाली, तुम्हीच तर त्यांना उठवता. हे मी उर्मिलाला वाचून दाखवलं. तिने लक्ष नसल्यासारखं केलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "केस कशाला कापले इतके?" म्हणजे माझ्या मागून जाता-येता बघते. काल म्हणाली, "बारीक झालीय." तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण हे तुझ्याबद्दल आहे.

निहारिका, तिचा राग मनात धरू नकोस. तू गेल्यावर तिने तुझी खोली बरेच दिवस तशीच ठेवली होती. "घर सोडलं ते सोडलं, मला सांगून तरी जायचं," एवढंच एकदा म्हणाली. माझ्या मते तिला राग कमी आला होता, लागलं जास्त होतं. या दोन्हींत फरक कसा करायचा हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

गुणतक्ता मी फ्रिजवर लावलाय. असेच खेळलात तर बाद फेरी नक्की. नवीन क्लब आणि पहिल्याच वर्षी बाद फेरी!

आणखी एक सांगायचं होतं. पुढच्या पत्रात सांगतो.

यशोधन बरा आहे.

बाबा

*

३ ऑगस्ट २००९

चि. निहारिका,

हे पत्र तुला पुढच्या सामन्याआधी मिळणार नाही. पण ईमेल लिहायला बसलो की माझा ऑफिसचा मेमो होतो, म्हणून कागदावरच लिहितोय.

काल सगळं बघितलं. कॉर्नरला दोघी एकदम उडाल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. आवाज इथवर आला. दुसरी कपाळ चोळत उठली. टेसही उठून बसली, हसलीसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू तिच्यापुढे गुडघे टेकलेस. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरलास आणि काहीतरी विचारलंस. ती बघत राहिली. तू पुन्हा विचारलंस. मग तू बाकाकडे वळून दोन्ही हात आडवे केलेस, संपलं म्हणून. टेस तुझा हात झटकत होती. कोचने दोन्ही हात असे पसरले की त्यात सगळं आलं. ती बाहेर गेली आणि बरोबरीत सुटला सामना.

आज तिथल्या पेपरची वेबसाइट वाचली. शेवटचा साखळी सामना जिंकलात तर बाद फेरी, नाहीतर हंगाम संपला. टेस म्हणते, मी ठणठणीत आहे. क्लबचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि त्यांनी निर्णय तुझ्यावर सोडला. आणि तू नाही म्हणालीस. कोच पेपरला सांगतो, "मी तिच्या निर्णयाचा आदर करतो." त्या वाक्यात आदर शोधूनही सापडला नाही मला.

हसन आमच्या यार्डात सेफ्टीला होता. एकदा एका जहाजाच्या टाकीत वेल्डिंग करायचं होतं. सगळे म्हणत होते गॅस गेलाय, सोडा माणसं आत. हसन दारात उभा राहिला. "नॉट टुडे." जहाज उशिरा सुटलं, मालकाचा माणूस त्याच्या अंगावर ओरडला. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा हवेशीर केली, काम झालं, माणसं जेवायला घरी गेली. काहीच घडलं नाही, त्यामुळे त्याचे आभारही कोणी मानले नाहीत. आज कोपी पिताना त्याला तुझं सांगितलं. त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "टेल हर, डोन्ट मूव्ह फ्रॉम द डोअर."

सांगितलं.

बाबा

*

१० ऑगस्ट २००९

चि. निहारिका,

काल इथे नॅशनल डे होता. प्रत्येक मजल्यावर झेंडे, खाली लाल शर्टांची गर्दी. सुट्टी म्हणून यशोधन नाश्त्याला येणार होता. तो लवकर आला, आणि एकटा आला नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही. मैत्रेयी नावाची मुलगी आहे, नाशिकची, इथे विद्यापीठात पोस्टडॉक करते. डिसेंबरमध्ये दोघांचं लग्न आहे. मला एप्रिलपासून माहीत होतं. तीन पत्रांत लिहायला घेतलं आणि "यशोधन बरा आहे" एवढं लिहून पेन पुढे गेलं. तुला वाईट वाटेल म्हणून, की तू पत्रं थांबवशील म्हणून, ते नीट सांगता येत नाही. या दोन्हींतलं दुसरं कारणच असावं.

सामना चालू होता. टेस साध्या कपड्यांत बाकावर, तोंड फिरवून, आणि तिच्या शेजारी तू. नेमका त्याच वेळी कॅमेरा तुमच्यावर आला आणि हे दोघं दारात. मी लॅपटॉपचं झाकण पाडायला हात पुढे केला. पण मैत्रेयीनेच विचारलं, "ही निहारिका ना?"

मी म्हटलं, "हो."

तिने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. "काका, आपल्या कुठल्या?"

"पांढऱ्या."

यशोधन पपईची पिशवी हातात धरून उभाच. मग म्हणाला, "कॅप्टनला का बसवलंय?" मी सांगितलं. त्याने पिशवी खाली ठेवली. "मग ती ऐकणार नाही. कोणी कितीही सांगू दे. तिने एकदा ठरवलं ना..." पण आवाजात राग नव्हता. मी त्याचा बाप आहे, त्या आवाजात काय होतं ते मला कळलं. ते कौतुक होतं, निहारिका.

शेवटी तुमच्यावर तो गोल झाला. टेस असती तर ती मुलगी तिथून आत घुसलीच नसती, हे मलाही दिसलं. शिट्टी वाजली, तुमच्या पोरी गवतावर बसल्या. तू एकेकीला हात देऊन उठवलंस आणि बर्फाची पेटी घेऊन आत निघालीस, आणि तेव्हा तो आवाज सुरू झाला. "बूऽऽ."

मैत्रेयी म्हणाली, "हे तिला करतायत?"

उर्मिला झारा हातात घेऊन बाहेर आली. "कोणाला? कशासाठी?" पडदा काळा होईपर्यंत ती तिथे उभी होती. आत थालीपीठ करपलं. आम्ही तेच खाल्लं.

तू मान खाली घातली नाहीस. घाईही केली नाहीस. पेटी जड होती, तेवढीच एका बाजूला झुकली होतीस.

टेसला मैदानात काय विचारलं होतंस?

बाबा

*

२४ ऑगस्ट २००९

चि. निहारिका,

"ते तिचं आहे, बाबा, माझं नाही." तुझं उत्तर वाचलं. पुन्हा विचारणार नाही.

क्लबने तुझा करार वाढवला नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि दुसऱ्या ओळीत उर्मिलाच्या गुडघ्याची चौकशी केलीस. (मी गुडघ्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं. तू तीन वर्षांपूर्वी इथे असताना बघितलं असशील, अजून लक्षात आहे.) मैत्रेयीबद्दल म्हणालीस, "खुर्ची ओढून बसली ना, मग छान असणार." मी ते उत्तर छापून ठेवलंय.

आता माझा पराक्रम ऐक. हेरन्सच्या चाहत्यांचं एक पान आहे इंटरनेटवर, तिथे लोक वाटेल ते लिहितात. तुझ्याबद्दल जे लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही. "त्या बाईने आमचा हंगाम बुडवला," हे त्यातलं सगळ्यात सभ्य. मी नाव नोंदवलं, सेम्बावांग अंकल, आणि उत्तरं द्यायला बसलो. हसनची टाकी इंग्रजीत लिहिली. कोणाला काही समजलं नाही. एकाने विचारलं, "अंकल, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तिचे कोण?"

हात थबकला. एक्स-फादर-इन-लॉ लिहायचं? ते वाचून लोक हसले असते.

मागून आवाज आला. "थांबलात का? लिहा ना."

"काय लिहू?"

"आमच्या घरची आहे म्हणावं. तिला बोलायचं काम नाही."

मी तसंच लिहिलं. "शी इज फ्रॉम अवर हाऊस." तो माणूस विचारतो, "व्हॉट हाऊस?" उर्मिलाला अर्थ सांगितला तर म्हणाली, "मूर्ख आहे. त्याला जेवायला कोणी वाढत नसेल." हे मात्र मी लिहिलं नाही.

बाबा

*

२१ सप्टेंबर २००९

चि. निहारिका,

काल रात्री तू आणि उर्मिला फोनवर काय बोललात ते मला माहीत नाही. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. पण फोनच्या आधी इकडे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितोय.

दुपारी त्या पानावर टेसचं लिखाण आलं, स्वतःच्या नावाने. तू वाचलं असशीलच. मी उर्मिलाला मराठीत वाचून दाखवलं, जमेल तसं: "मी तिच्यावर रागावले होते. मी तिच्याशी बोलत नव्हते. तुम्ही तिला ओरडत होतात तेव्हा मी शेजारून चालले आणि गप्प राहिले, कारण खरं सांगायची मला भीती वाटत होती. मैदानात तिने मला माझ्या मुलीचं नाव विचारलं. मला ते आठवेना. तिने पुन्हा विचारलं. तरी आठवेना. मी हसले, कोणाला कळू नये म्हणून. तिला कळलं. मी तिला म्हटलं, हे कोणाला सांगू नकोस, मला कोणी संघात घेणार नाही. तिने कोचला सांगितलं नाही, मालकाला सांगितलं नाही. फक्त मला खेळू दिलं नाही. तिची नोकरी गेली तरी ती बोलली नाही. आता मी बोलते."

मी चष्मा काढला. उर्मिलाने विचारलं, "काय नाव आहे मुलीचं?"

"जून."

"म्हणजे महिना?"

"हो."

"एवढंसं नाव," ती म्हणाली. "आणि तेवढंही आईला..." पदराने डोळे पुसले, उठली, आत गेली. मला वाटलं आडवी झाली असेल. बाहेर आली ती केस विंचरून, इस्तरीची साडी नेसून.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. नंबर द्या तिचा."

"अगं, फोनवर कोण बघतंय?"

"मला माहितेय. नंबर द्या."

मग तुमची सकाळ होईपर्यंत ती फोनजवळ बसून राहिली. झोपेतून उठवायचं नाही म्हणाली. रिंग वाजली तेव्हा मी हॉलमध्ये होतो. पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं, "निहारिका, मी आई बोलतेय." नंतर दार लागलं.

शिकागोच्या हॉस्पिटलात डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग आहे आणि तू तिथे रुजू होतेस, हे मला उर्मिलाने सांगितलं. माझ्याआधी तिला कळलं! लग्नाचंही तुम्ही बोललात म्हणे. तू मैत्रेयीला काय निरोप दिलास ते मला सांगायला तयार नाही. "आमचं आहे ते," म्हणते. तुझ्याकडूनच शिकली असणार.

मी तुला फार कौतुकाचे शब्द कधी म्हटले नाहीत, आपल्या घरात ती पद्धत नाही. आता लिहून ठेवतो. मी आयुष्यभर फुटबॉल बघितला, मोठेमोठे गोल बघितले. पण त्या दिवशी सगळं स्टेडियम ओरडत असताना तू बर्फाची पेटी उचलून ज्या चालीने आत गेलीस, तसं काही मी मैदानावर बघितलेलं नाही.

आज सकाळी उर्मिला फ्रिजसमोर उभी राहून गुणतक्ता वाचत होती.

"पुढचा हंगाम कधी असतो?"

"एप्रिलमध्ये. पण आता निहारिका नाही त्यात."

"माहितेय. वसंतात ती टेस खेळू शकेल असं डॉक्टर म्हणालेत, निहारिकाने सांगितलं. मला तिला पळताना बघायचंय."

तेव्हा एप्रिलपर्यंत मला तिला ऑफसाइड समजावून सांगायचं आहे. आज सुरुवात केली. अवघड आहे. म्हणते, "पुढे गेली तर गेली, त्यात शिट्टी कसली वाजवायची?"

बाबा